कॅसेटवरून उतरवताना

‘आमच्या लग्नाची कॅसेट ना, ती कधीच पेनड्राइव्हवर करून घेतली.’ हे वाक्य हल्ली बऱ्याच घरांत ऐकू येतं आणि त्यात एक काम हातावेगळं केल्याचं समाधान असतं. पेनड्राइव्हवर केली ती कशावरून, असं विचारलं की मात्र वंशावळ निघायला लागते. लग्न १९९३ सालचं, व्हीएचएस कॅसेटवरचं. २००२-०३च्या सुमारास व्हीसीआर कुरकुरायला लागला म्हणून कॅसेटच्या व्हीसीडी केल्या. पुढे डीव्हीडी प्लेयर आला तेव्हा व्हीसीडीवरून डीव्हीडी झाली. डीव्हीडी अडकायला लागल्यावर तिच्यावरून एमपी४ फाईल निघाली. या सगळ्यात कॅसेट माळ्यावर पडून राहिली, नाहीतर रद्दीवाल्याकडे गेली. फोनवर आज जे दिसतं ती मूळ चित्रणाच्या प्रतीच्या प्रतीची प्रत आहे, आणि दर पायरीला चित्र आवळून लहान केलेलं आहे.

आपल्याकडे घरगुती टेपांचा काळ ढोबळमानाने १९८५ ते २००५ असा धरता येईल. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हीसीआर आले. आधी ते रात्रभरासाठी भाड्याने यायचे, टीव्ही आणि तीन सिनेमांच्या कॅसेटसकट. मग लग्नाच्या हॉलमध्ये खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून घामाघूम झालेला पोरगा दिसू लागला. लग्न, मुंज, बारसं, एकसष्टी, शाळेचं गॅदरिंग, गणपतीत मंडळाने बसवलेलं नाटक, असं सगळं अर्ध्या इंची पट्टीवर गेलं. त्यातलं किती आज नीट उतरवता येईल आणि कसं, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फाईल किती लहान करायची हा या कामातला शेवटचा प्रश्न आहे. आपण तो सगळ्यात आधी विचारतो आणि नुकसान तिथेच होतं.

‘व्हीएचएसचं चित्र तसंही धूसरच होतं, त्यात काय एवढं जपायचं,’ असा एक युक्तिवाद असतो. तो अर्धाच खरा आहे. चित्राच्या आडव्या बारकाव्यांत व्हीएचएस गरीबच. साधारण २४० रेषांपलीकडे तिला वेगळं काही दाखवता येत नाही. रंगांच्या बाबतीत ती आणखी गरीब, म्हणून लाल शालूचा रंग शेजारच्या भिंतीवर ओघळलेला दिसतो. पण हालचालीच्या बाबतीत ती श्रीमंत होती. आपल्याकडच्या पाल पद्धतीत दर सेकंदाला ५० वेळा चित्र टिपलं जातं. प्रत्येक वेळी अर्धंच, म्हणजे एकदा विषम ओळी आणि एकदा सम ओळी. त्यामुळे जुन्या टीव्हीवर बघताना माणसं खरोखर समोर वावरत असल्यासारखी वाटायची. व्हीसीडीने नेमकं हेच टाकून दिलं. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ वेळा. पन्नासातली पंचवीस क्षणचित्रं रद्द झाली आणि चित्रासाठी सेकंदाला जेमतेम साडेअकरा लाख बिट उरले. त्याच व्हीसीडीवरून डीव्हीडी केली की ते चित्र ७२० बाय ५७६च्या चौकटीत ताणलं जातं एवढंच, गेलेली पंचवीस क्षणचित्रं परत येत नाहीत. ज्यांच्याकडे मूळ कॅसेट आहे त्यांनी म्हणून व्हीसीडी, डीव्हीडी सगळं बाजूला ठेवून कॅसेटपासूनच सुरुवात करावी. कॅसेट नसेल तर निदान व्हीसीडीची फाईल आहे तशी, पुन्हा न आवळता, हार्डडिस्कवर घ्यावी.

आता कॅसेट. मुंबई, कोकण, गोवा इथे तिचा पहिला शत्रू बुरशी. दुकानांत तिला सर्रास ‘फंगस’ म्हणतात. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळलेल्या पट्टीच्या कडा दिसतात. त्या एकसारख्या काळ्या-तपकिरी आणि गुळगुळीत असायला हव्यात. त्यावर पांढरट ठिपके, जाळी किंवा भुकटी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. एकदा घातली की बुरशी हेडवर बसते, चित्र जातं आणि पुढच्या कॅसेटला लागण होते. एका कुटुंबाच्या पेटीतली एक बुरशीची कॅसेट बाकी सगळ्यांना पुरते. अशा पट्टीची सफाई जाणकार माणसाकडूनच करून घ्यावी. तो पट्टी हळूहळू फिरवत मऊ कापडाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, तोंडाला मास्क लावून. फार वर्षं पडून असलेली चांगली कॅसेटही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून मग मागे आणावी, म्हणजे पट्टीचा ताण सारखा होतो. आणि कॅसेटच्या कडेचं छोटं प्लॅस्टिकचं पान तोडून टाकावं. ते असेल तर चुकून बटण दाबल्यावर आजीच्या एकसष्टीवर काहीही रेकॉर्ड होऊ शकतं.

लोकांना भीती वाटते ती चुंबकत्व उडून जाण्याची. प्रत्यक्षात तो धोका त्यामानाने कमी. लोहकणांना पट्टीवर धरून ठेवणारा चिकट थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू बिघडतो, पट्टीच्या कडा चुरगळतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाजवायला यंत्रच राहत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती शेवटची उत्पादक होती. त्याच वर्षी मार्चमध्ये सोनीने बीटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेट बंद केल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच ‘मुदत २०२५’ अशी हाकाटी दिली होती. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनी मिळून टेपांसाठी जगभर इशारा दिला, त्यातही २०२५चाच उल्लेख होता. ते साल येऊन ठेपल्यावर कॅसेटी एका रात्रीत पुसल्या गेल्या असं काही झालं नाही. तो अंदाज होता यंत्रांचा, सुट्या भागांचा आणि ते दुरुस्त करणाऱ्या हातांचा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज व्हीसीआरचा बेल्ट नाहीतर पिंच रोलर मागून बघा, म्हणजे त्या अंदाजाचा अर्थ कळेल.

यंत्र इतकं महत्त्वाचं का, हे समजण्यासाठी ते काय करतं ते बघावं लागेल. पट्टी अगदी सावकाश सरकते, सेकंदाला सव्वादोन सेंटीमीटरच्या थोडी वर. पण तिच्यावर तिरका बसवलेला ६२ मिलीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारत असतो. ड्रमवरची दोन हेड आळीपाळीने पट्टीवरच्या तिरक्या रेघा वाचतात. एक रेघ म्हणजे एक अर्धचित्र. पट्टी किंचित ताणली गेली, रोलर झिजला, बेल्ट सैल झाला की रेघांची वेळ चुकते. चित्रातली प्रत्येक ओळ कणभर पुढेमागे सुरू होते आणि दाराची उभी चौकट लाटेसारखी हलायला लागते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही हे सगळं सांभाळून घ्यायचा. डिजिटल यंत्र मात्र हिशेबाला पक्कं असतं. ओळ वेळेवर आली नाही तर ते चित्रच गाळतं. चित्र गळलं की आवाजाशी मेळ सुटतो, आणि तासाभराने नवरीचे ओठ आणि उखाणा यांची गाठ पडत नाही.

यावरचा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. तो ओळी क्षणभर साठवून ठेवतो आणि सारख्या अंतराने पुढे सोडतो. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या महागड्या एस-व्हीएचएस यंत्रांत तो आतच असायचा, आणि म्हणूनच ती यंत्रं आज जुन्या बाजारात भाव खाऊन आहेत. ते परवडत नसेल तर हौशी लोकांनी एक जुगाड शोधलेला आहे. पॅनासॉनिकच्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून संकेत नुसता पुढे पाठवायचा, रेकॉर्ड करायचं नाही. त्याच्या आतल्या भागांमुळे ओळी बऱ्याच सरळ होतात. दुकानदाराला टीबीसी आहे का एवढा एकच प्रश्न विचारला तरी तो कोणत्या पंथाचा आहे ते कळतं. ‘ते काय असतं?’ असं उत्तर आलं तर दर कितीही कमी असो, दुसरं दुकान बघावं.

वायरींचं थोडक्यात सांगतो. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून येतात. टेपवर मात्र ते वेगवेगळे नोंदलेले असतात. एस-व्हिडिओची गोल वायर असेल तर ते न मिसळता बाहेर येतात आणि साडीच्या काठावरचे रंगीत किडे बरेच कमी होतात. साध्या व्हीएचएस यंत्रांना ही सोय बहुधा नसते, तेव्हा पिवळ्या वायरीवर भागवावं लागतं. भागतंही.

सगळ्याच कॅसेटी व्हीएचएस नसतात. छोटी व्हीएचएस-सी ही अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या व्हीसीआरमध्ये चालते. ८ मिलीमीटरच्या कॅसेटी, म्हणजे व्हिडिओ-८ आणि हाय-८, कुठल्याच अडॅप्टरने व्हीसीआरमध्ये चालत नाहीत. तसा अडॅप्टर मिळतो असं सांगणारे बरेच भेटतात. पण या कॅसेटींसाठी त्याच जातीचा कॅमेरा लागतो. सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा मिळाला तर उत्तम, कारण त्यातली बरीच मॉडेलं जुन्या हाय-८ कॅसेटी वाचून थेट डिजिटल करून देतात. १९९५ नंतरच्या मिनी-डीव्हीची तर गोष्टच वेगळी. ती टेप असली तरी तिच्यावरची नोंद मुळातच डिजिटल आहे. फायरवायरच्या वायरीने ती संगणकावर आहे तशी उतरते, एक बिटही न बदलता, तासाला सुमारे १३ जीबी. इथे दुकानांत होणारा गुन्हा असा की मिनी-डीव्हीसुद्धा पिवळ्या वायरीने काढतात. एका स्वच्छ डिजिटल नोंदीचं आधी ॲनालॉग आणि मग परत डिजिटल, कशासाठी? तर नव्या लॅपटॉपला फायरवायरचं भोक नसतं म्हणून. जुना डेस्कटॉप आणि फायरवायरचं साधं कार्ड एवढ्यावर हे काम होतं.

परदेशी नातेवाइकांच्या कॅसेटींचा गोंधळ निराळा. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची कॅसेट एनटीएससीची असते, ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपल्याकडचे ‘मल्टिसिस्टिम’ व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवायचे, पण त्यासाठी ते एक मधलाच, धड ना पाल धड ना एनटीएससी असा संकेत तयार करायचे. टीव्ही तो चालवून घ्यायचा, संगणकाचं कॅप्चर कार्ड बहुधा घेत नाही. चित्र काळंपांढरं येतं किंवा सरकत राहतं. ती कॅसेट खऱ्या एनटीएससी यंत्रावरच काढायला हवी, म्हणजे बहुतेकदा अमेरिकेतच. उलट बाजूने, इथल्या लग्नाची कॅसेट न्यू जर्सीला नेण्यासाठी त्या काळी ‘कन्व्हर्ट’ करून घेत असत. ती रूपांतरित प्रत तिकडे डिजिटल करण्यात अर्थ नाही. मूळ पाल कॅसेट सांगलीत किंवा डोंबिवलीत कुणाच्या तरी कपाटात असेल, ती शोधावी.

आता आवळण्याकडे येऊ. पालचं एक तासाचं चित्र काहीही न आवळता साठवलं तर सुमारे ७५ जीबी होतं. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या पद्धती त्याला एकही ठिपका न गमावता २५ ते ३५ जीबीवर आणतात. एफएफव्ही१ खुली आहे, तिचं तपशीलवार वर्णन २०२१ साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत प्रसिद्ध झालं आणि मोठमोठी संग्रहालयं ती वापरतात. डीव्हीचे १३ जीबी. एच.२६४ या आवळण्याच्या पद्धतीत सेकंदाला ६० ते ८० लाख बिट दिले तर तीन जीबीच्या आसपास, आणि तरी डोळ्यांना फरक सहज कळत नाही. दुकानातून मिळणारी फाईल बहुधा तासाला अर्धा जीबी किंवा त्याहून कमी. कारण साधं असतं, सगळं एका पेनड्राइव्हवर बसवायचं असतं. शिवाय टीव्हीला चालावा म्हणून पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा ठेवतात आणि त्यात ४ जीबीच्या वरची फाईल मावतच नाही.

हे आवळणं होतं कसं, त्यात आपल्या माणसांचा हात आहे. बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद १९७२ साली अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. चित्राचे छोटे चौकोन करून प्रत्येक चौकोन कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडायचा, ही त्यांची कल्पना. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यांनी त्यासाठी पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला, आणि पुढे जेपीईजी, व्हीसीडी, डीव्हीडी, एच.२६४ हे सगळे त्याच किंवा त्याच्यापासून निघालेल्या गणिताच्या खांद्यावर उभे राहिले. चौकोनातल्या ठळक लहरी ठेवायच्या, डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी सोडून द्यायच्या. त्यावर दुसरी युक्ती अशी की दर वेळी पूर्ण चित्र लिहायचंच नाही. मागच्या चित्रातला कुठला तुकडा किती सरकला एवढंच लिहायचं. खुर्चीत बसलेले आजोबा आणि मागची भिंत यांना जवळपास काहीच खर्च येत नाही.

मराठी लग्न मात्र या युक्तीची परीक्षाच घेतं. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, आणि त्याच सेकंदाला शेकडो हातांतून अक्षता उडतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला. मागच्या चित्रातला कुठलाच तुकडा पुढच्या चित्रात नीट सापडत नाही. त्यात फोटोवाल्यांचे फ्लॅश उडतात, उजेड बदलतो, खुर्च्यांवरचे लोक एकदम उठतात, जरीचे काठ चमकतात. तासाला अर्ध्या जीबीच्या फाईलला एवढं लिहायला बिटच नसतात. मग हार घालण्याच्या त्या क्षणी नवरा-नवरीचे चेहरे चौकोनी ठोकळ्यांचे होतात, आणि पुढची वीस मिनिटं जेवणाच्या पंगतीत वाढप्याची पाठ मात्र सुबक दिसते. ज्या क्षणासाठी कॅमेरा बोलावला तोच क्षण आधी बळी जातो. होमाचा धूर, वरातीतलं रोषणाईचं काम, हळदीच्या वेळची पाणी उडवाउडवी, या सगळ्यांची तीच गत. फाईल पारखायची असेल तर सुरुवातीची नावांची पाटी बघू नका, थेट अक्षतांवर जा.

व्हीएचएसची आणखी एक खोड आहे. तिच्या चित्रात सतत बारीक मुंग्या वळवळत असतात. आवळणाऱ्या प्रणालीला मुंगी आणि दाणा यांतला भेद कळत नाही, ती दोन्ही इमानेइतबारे लिहायला बसते आणि चेहऱ्यासाठी बिट उरत नाहीत. म्हणून व्हीएचएसला तिच्या दर्जाच्या मानाने जास्त बिट लागतात, हे उलटं वाटलं तरी खरं आहे. थोडी मुंगीछाटणी केली तर फाईल खूप सुधारते, अति केली तर चेहरे मेणाचे होतात. ही छाटणी मूळ मोठ्या फाईलवर कधीच करू नये, तिच्यावरून काढलेल्या लहान प्रतीवर करावी. उद्या छाटण्याचं चांगलं साधन आलं तर परत मूळ फाईलकडे जाता येतं.

अर्धचित्रांचं काय करायचं, हा तिसरा पेच. फोन आणि नवे टीव्ही पूर्ण चित्रं मागतात. विषम आणि सम ओळी नुसत्या एकत्र केल्या तर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. बरीच दुकानं यावर उपाय म्हणून अर्धी चित्रं टाकून देतात, म्हणजे व्हीसीडीने केलं तेच पुन्हा. योग्य रीत अशी की प्रत्येक अर्धचित्रापासून एक पूर्ण चित्र तयार करायचं आणि सेकंदाला ५० चित्रांची फाईल करायची. यॅडिफ नावाची गाळणी हे पटकन करते, क्यूटीजीएमसी सावकाश पण फार सुंदर करते, दोन्ही फुकट आहेत. पहिल्यांदा ५० चित्रांत आपलंच जुनं लग्न बघितलं की लोक ‘हे एवढं चांगलं होतं?’ असं विचारतात. तेवढं चांगलं होतंच.

चौकटीचंही भान ठेवावं. जुनं चित्र ४ बाय ३ प्रमाणात होतं. ते १६ बाय ९मध्ये ताणलं की सगळं घराणं एका रात्रीत सुटतं. बाजूला काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत. चित्राच्या तळाला हलणारी जी एक चिरफाळलेली पट्टी दिसते तो बिघाड नाही. तिथे एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे काम जातं. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची.

कोणती आवळणी निवडायची, यावर तज्ज्ञ तावातावाने भांडतात. एच.२६५ आली २०१३ साली, एव्ही१ आली २०१८ साली, दोन्ही कमी जागेत तेवढंच चित्र देतात. घरच्या लग्नासाठी मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. २००३ची एच.२६४ काकूंच्या जुन्या टीव्हीवरही चालते. एकट्या व्हीएचएस कॅसेटसाठी एक-दीड जीबी वाचवून मिळणार काय? बहुतेक घरांत दहा-बारा कॅसेटी असतात. दहा कॅसेटी दोन-दोन तासांच्या धरल्या तर न गमावता आवळलेली सगळी सामग्री सहाशे-सातशे जीबीत बसते, म्हणजे एका साध्या १ टीबी हार्डडिस्कमध्ये. २००३ साली हे अशक्य होतं, तेव्हा व्हीसीडी करणाऱ्यांना दोष देता येत नाही. आजही त्याच मापाने काम करणाऱ्यांना देता येतो.

आवाजाकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि माझ्या मते खरा खजिना तिथे आहे. व्हीएचएसवर साधा आवाज पट्टीच्या अगदी वरच्या कडेला एका सरळ रेघेत असतो. कड चुरगळली की आधी तो जातो. पण त्याहून मोठी हानी आपल्या ‘मिक्सिंग’ने केलेली आहे. कॅसेट घरी यायच्या आधी स्टुडिओत जायची. तिथे बदामाच्या आकारात नवरा-नवरी, उमलणारं कमळ, फिरणारे चौकोन असे सगळे खेळ व्हायचे, आणि मूळ आवाज पुसून त्यावर त्या वर्षीची सिनेमातली गाणी चढवली जायची. त्यामुळे अनेक लग्नांत भटजींचा आवाज नाही, मामांचे टोमणे नाहीत, पणजी काय म्हणाली ते नाही, गाणी मात्र सलग. मिक्सिंग झालेली कॅसेट म्हणजे प्रतही दुसऱ्या पिढीची. मूळ रॉ कॅसेट शूटिंगवाल्याकडे राहायची आणि कॅसेट महाग असल्यामुळे बहुधा पुढच्या लग्नाला वापरली जायची. तरीही विचारून बघावं. काही शूटिंगवाल्यांनी ओळखीच्या घरांच्या रॉ कॅसेटी ठेवलेल्या असतात, आणि काही घरांनी तेव्हाच मागून घेतलेल्या असतात, फक्त त्या ‘लग्न – २’ अशा चिठ्ठीखाली विस्मृतीत गेलेल्या असतात. या गाण्यांचा आज आणखी एक ताप होतो. फाईल यूट्यूबवर चढवली की तिथली प्रणाली गाणं ओळखते आणि आत्याच्या लग्नावर संगीत कंपनीचा हक्क सांगितला जातो.

एआयने चित्र ‘फोर-के’ करून देणाऱ्यांच्या जाहिराती आता सगळीकडे आहेत. रस्ता, झाडं, मांडवाचं कापड यांवर परिणाम बरा येतो. चेहऱ्यांवर मात्र हे प्रकरण धोक्याचं आहे. दूर बसलेल्या आजोबांचा चेहरा टेपवर मोजून वीस-पंचवीस ठिपक्यांचा असतो. त्यातून रेखीव डोळे, पापण्या, दात निघाले तर ते आजोबांचे नाहीत, यंत्राने पूर्वी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांची ती सरासरी आहे. हौस म्हणून तशी एक प्रत काढायला हरकत नाही. फाईलच्या नावात मात्र तसं लिहून ठेवावं, नाहीतर नातवंडं त्यालाच खरं धरतील.

काम दुकानात द्यायचं तर हे ध्यानात घ्यावं की तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. स्वस्त दरात काम करणारा सहा व्हीसीआर लावून चहाला जातो. मध्येच हेड बुजलं, पुढचे दोन तास नुसत्या मुंग्या रेकॉर्ड झाल्या, तरी त्याला पत्ता नसतो. फाईल घेताना सुरुवात, मध्य आणि शेवट तिथेच बघावेत, ओठ आणि आवाज जुळतात का ते शेवटच्या भागात तपासावं. आणि आधीच सांगावं, मला लहान एमपी४ बरोबर मोठी मूळ कॅप्चर फाईलही माझ्या हार्डडिस्कवर हवी. यासाठी जास्त पैसे मागितले तर द्यावेत. तेवढ्याच गोष्टीचे पैसे देण्यासारखे आहेत. घरी स्वतः करायचं असेल तर यूएसबीच्या स्वस्त कॅप्चर पट्ट्यांपैकी ज्या आतल्या आतच आवळून फाईल देतात त्या टाळाव्यात, कारण मग न आवळलेलं चित्र आपल्या हाती कधीच येत नाही.

ठेवायचं कुठे? सीडी-डीव्हीडीवर नको. घरी लिहिलेल्या चकत्यांचा रंगद्रव्याचा थर बिघडतो, आणि दमट हवेत बुरशी त्यांनाही सोडत नाही. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरांत, वर्षातून एकदा जोडून बघितलेल्या, हा सगळ्यात स्वस्त बंदोबस्त. गूगल फोटोजवर जागा वाचवण्याचा पर्याय निवडला असेल तर फाईल परत आवळली जाते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर तिचा पार चोथा होतो. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. प्रत्येक फाईलसोबत एक साधी मजकुराची फाईल ठेवावी. तारीख, गाव, हॉल, आणि कितव्या मिनिटाला कोण दिसतं. दुसऱ्या रांगेतली निळ्या साडीतली बाई कोण, हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्याकडून हे लिहून घेण्याचं काम कुठलंही दुकान करत नाही.

सगळं नीट उतरल्यावर कॅसेट टाकून द्यायची का, यावर मात्र माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं झालं आहे. टाकू नये. व्हीएचएस-डिकोड नावाचा एक खुला प्रकल्प आहे. त्यात व्हीसीआरच्या पिवळ्या वायरीला हातच लावत नाहीत. हेडने टेपवरून उचललेला कच्चा संकेत आतल्या पाटीवरूनच काढून घेतात आणि पुढचं सगळं, ओळी सरळ करणं, रंग वेगळे काढणं, संगणकावर करतात. फाईली अवाढव्य होतात, सोल्डरिंग यावं लागतं, आणि अजून हे हौशी तंत्रज्ञांच्याच हातात आहे. पण निकाल महागड्या टीबीसीच्या तोडीचे येतात, काही वेळा सरस. हे दुकानांपर्यंत पोचेल तेव्हा लागेल ती कॅसेटच. तोवर ती मागे गुंडाळून, तिच्या डबीत, उभी ठेवावी, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर तर नकोच.